मला काही ऊन पडणार नाही

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला सातवीतली एक मुलगी उभी राहिली. इंग्रजी माध्यमाची, हुशार, वर्गात कायम पहिल्या तिनात. ‘जैतुनांच्या डोंगराजवळ’ इथवर आली आणि गाडी रुतली. जै... जैतू... जैतुनां... मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. तिची आई मांडीवरच्या पदराकडे बघत बसली. गंमत म्हणजे त्याच ओळीतलं ‘बेथफगे’ तिनं झोकात वाचलं. परक्या नावाला भ्यायची तिला सवयच नव्हती, अडली ती मराठी विभक्तीला.

भक्ती, म्हणजे उपासना, सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला दारातच गाठलं. “सलाम बाई. मे महिन्यात उन्हाळी बायबल शाळा आहे. त्यातला एक दिवस तुम्ही घ्या. गाणी नको, हस्तकला नको. नुसती मराठी.”

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चोवीस वर्षं मराठी शिकवतेय. म्हटलं, त्यात काय एवढं! घरी येऊन टाचण काढलं : वाचन, श्रुतलेखन, व्याकरण, कविता. प्रत्येकी पन्नास मिनिटं, मध्ये जेवणाची सुट्टी. डी.एड.ला असताना निरीक्षक मागं बसायचे, तेव्हासुद्धा इतकं नेटकं टाचण मी केलं नव्हतं. ते पहिल्या पंधरा मिनिटांतच पिशवीत गेलं आणि परत बाहेर आलंच नाही.

साताऱ्यातलं आमचं सभागृह पत्र्याचं आहे. नऊ वाजताच वर तापायला लागतं. सव्वीस पोरं आली होती, तिसरीपासून आठवीपर्यंतची, त्यातली सतरा इंग्रजी माध्यमाची. उरलेल्यांत एक पाचवीतला मुलगा माण तालुक्यातला, सुट्टीला मावशीकडं आलेला. त्याला वाचता येत नाही, असं मावशीनंच मला बाजूला घेऊन सांगितलं. त्याच्या देखत. मला ते आवडलं नाही, पण बोलले नाही.

प्रार्थना झाली, ढोलकीवर एक भजन झालं, आणि सुरुवात म्हणून मी बायबलमधलं स्तोत्र तेवीस म्हणायला सांगितलं. रविवारच्या शब्बाथशाळेतल्या प्रत्येक पोराला ते पाठ असतं. सव्वीसच्या सव्वीस जणांनी एका दमात, गाडी घाटातून सोडल्यासारखं, खालपर्यंत आणलं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही...

“थांबा,” मी म्हटलं. “उणे पडणार नाही म्हणजे काय?”

शांतता. पत्रा तडतडला तेवढाच आवाज. मग तिसरीतली एक चिमुरडी म्हणाली, “ऊन पडणार नाही. देव सावली करतो.”

मला हसू आलं, पण हसले नाही, कारण मोठ्या मुलांपैकीही बऱ्याच जणांनी मान डोलावली होती. मे महिन्यात, पत्र्याखाली बसलेल्या लेकराला देवानं ऊन लागू न देणं हे बरोबरच वाटणार. इतकी वर्षं ही पोरं तेच म्हणत होती : मला काही ऊन पडणार नाही.

मराठी शाळेतला एक जण म्हणाला, “बाई, उणे म्हणजे मायनस. पाच उणे दोन.” हे चांगलं झालं. मी फळ्यावर ५ − २ लिहिलं आणि विचारलं, घरी आणखी कुठं ऐकलाय हा शब्द? एकीनं सांगितलं, आजी आईला म्हणते, सारखी उणीदुणी काढू नकोस. उणीव, उणेपणा, उणंदुणं... फळ्याचा एक कोपरा भरला. कमी पडणार नाही, असा अर्थ निघाला तेव्हा तिसरीतली ती चिमुरडी हिरमुसली. तिला सावलीच हवी होती.

सोप्या भाषेतलं बायबल घ्या की, असं पाळकसाहेब मला आधीच म्हणाले होते. अडचण जुनीच आहे. पंडिता रमाबाईंनी ती ओळखून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत अख्खं बायबल उतरवलं होतं. त्या १९२२ साली गेल्या आणि ते पुस्तक १९२४ साली लोकांच्या हातात आलं. सोप्या भाषांतराला माझा विरोध नाही. पण भाषेच्या तासाला मी ते घेणार नाही. ‘उणे’च्या जागी ‘कमी’ घातलं की प्रश्न मिटतो, आणि फळ्याचा तो कोपराही रिकामाच राहतो.

पुढची ओळ : तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. मी विचारलं, पाण्यावर नेतो म्हणजे? झावळ्यांच्या रविवारची आमची मुलगी हात वर करून उठली आणि म्हणाली, “पेत्रासारखं. पाण्यावर चालायला लावतो.” तिच्या दृष्टीनं बरोबर होतं. ज्या पुस्तकात येशू पाण्यावरून चालतो, शिष्य पेत्राला बोलावतो, त्यात मेंढरंही चालली तर नवल काय?

तेव्हा मागच्या रांगेतून, भिंतीला टेकून बसलेला माणचा पोरगा स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. “न्हाय. पाण्याव नेत्यात म्हंजी पाजाय नेत्यात.”

आणि इथं माझ्याकडून चूक झाली. चोवीस वर्षांची सवय. मी म्हटलं, “म्हंजी नाही बाळा, म्हणजे. नेत्यात नाही, नेतात.” तो गप्प बसला. वर्गात दोघं-तिघं फिसकन हसले. मी त्याचं उत्तर ऐकलंच नव्हतं, त्याचे प्रत्यय ऐकले होते. ते माझ्या लक्षात यायला मला तीन-चार मिनिटं लागली. तेवढ्यात मी ‘कुरण’ या शब्दावर बरंच काही बोलून गेले होते, जे कुणीही ऐकलं नाही.

मग मी त्याच्यापाशी जाऊन खाली बसले. म्हटलं, तुमच्याकडं धनगर येतात का? तुझ्या भाषेत सांग, मी मध्ये बोलणार नाही.

आधी बोलेना. मग बोलला तो बोलतच राहिला. त्यांच्या रानाला लागून धनगरांचा वाडा, म्हणजे मुक्काम, पडतो. रात्री वाघर लावतात, म्हणजे जाळ्याचं कुंपण, त्यात मेंढरं कोंडतात. “आमच्या रानात मेंढरं बसवत्यात की. खत पडतंय. दोन रात, तीन रात बसवत्यात. मग जुंधळं द्यावं लागत्यात त्येंला, न्हाय तर पैसं.” मेंढरं ‘बसवणं’ हा तिकडचा रोजचा व्यवहार आहे. शेतकरी बोलावतो, धनगर कळप रानात बसवतो, सकाळी लेंड्यामुतानं रान तयार. स्तोत्राच्या ओळीत तोच शब्द, जसाच्या तसा बसलेला! मी कित्येक वर्षं ते स्तोत्र म्हणतेय. ‘बसवतो’ म्हणजे मला आपलं खाली बसायला सांगतो एवढंच वाटायचं, पाहुण्याला पाट द्यावा तसं.

त्यानं मला उलट दोन प्रश्न विचारले. पहिला : “हिरव्या रानात कोन बसवू देतंय? पीक खात्यात की ती.” दुसरा : “देवाला जुंधळं कोन देतंय?”

पहिल्याला मी उत्तर दिलं की कुरण म्हणजे पीक नव्हे, चरायची राखलेली जागा. त्याला ते पटलं. दुसऱ्याला मी पाळकसाहेबांकडं पाठवलं. ते नेमके दारात चहाचा कप घेऊन उभे होते. ते म्हणाले, “हा प्रश्न मी रविवारी घेतो.” अजून घेतलेला नाही.

आकडीवर मात्र वर्ग पार फुटला. तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात. विचारायचाच अवकाश, सहावीतला एक जण म्हणाला, “आकडी म्हणजे फिट. आमच्या शेजारच्या काकांना येते, मग चप्पल हुंगवतात.” दुसरा म्हणाला, “आकडा टाकतात ना, वायरवर, लाइट घ्यायला.” मेंढपाळाला फिट येतेय आणि कळपाला त्यानं धीर येतोय, हे चित्र पोरांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. ढोलकीवाला पोरगा तर जमिनीवर लोळायला लागला. शेवटी माणच्यानं हात लांब करून, मनगट वाकवून दाखवलं. लांब काठी, टोकाला वाकडं. बाभळीची फांदी ओढून खाली घ्यायची, शेरडामेंढरांना पाला. बाकीच्यांनी ती आंबे काढताना पाहिली होती, नाव ठाऊक नव्हतं. चप्पल हुंगवून काही होत नाही, माणसाला कुशीवर वळवायचं आणि दवाखान्यात न्यायचं, हेही मी जाता जाता सांगून घेतलं. मराठीच्या तासाला असली कामं निघतातच.

अकरा वाजले तरी मी चौथ्या ओळीवरच होते.

श्रुतलेखनाला मी पंधरा शब्द ठेवले होते, आणि ते सोडणार नव्हते. शुद्धलेखन म्हटलं की हल्ली लोक नाक मुरडतात. मीही ऱ्हस्व-दीर्घावरून पोरांना छळणाऱ्यांपैकी नाही. पण ज्या नियमामागची गंमत सांगता येते तो सांगावा. सभागृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘प्रभू येशू’ लिहिलंय, भू दीर्घ. आणि दाराशी लावलेल्या कागदावर, ‘पहिल्या रविवारी प्रभुभोजन’, तिथं भु ऱ्हस्व. मी विचारलं, दोघांतलं चूक कोणतं? निम्मे इकडं, निम्मे तिकडं. दोन्ही बरोबर. संस्कृतातून आलेला असा शब्द मराठीत एकटा असला की शेवट दीर्घ करून लिहायचा, पण समासात पुढं जोडीदार आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. मृत्यू एकटा, मृत्युच्छाया जोडीनं. गुरू एकटा, गुरुदक्षिणा जोडीनं.

“म्हणजे जोडीदार आला की आखडतो,” ढोलकीवाला म्हणाला. “आमच्या दादासारखं. लग्न झाल्यापासून हळू बोलतो.”

हा नियम आता त्या सव्वीस जणांपैकी एकही जण विसरणार नाही. दादाची मात्र धडगत नाही.

मी आजीचं बायबल बरोबर नेलं होतं, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून. आजी लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. दुपारी बायबलबाई यायच्या, त्यांच्यापाशी चुलीपुढं बसून ती शिकली. पहिलं पुस्तक हेच आणि शेवटचंही हेच. पानांच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झाल्यात. पोरांनी ते उघडलं आणि एकजण म्हणाला, “यावर माश्या बसल्यात.” माश्या म्हणजे अनुस्वार. कांहीं, उणें, नाहीं, तूं. उच्चार नसलेले हे टिंब पूर्वी शब्दाची ओळख म्हणून लिहायचे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले आणि ते गेले. पोरांनी भिंग मागितलं, एका पानावरची टिंबं मोजायची शर्यत लावली, आणि पन्नाशीच्या पुढं भांडणं होऊन ती मोडली. मी पुस्तक काढून घेतलं. पानं आता तुकड्यानं निघतात.

जेवायला मटकीची उसळ, भात, कोशिंबीर. जेवणाची स्टीलची पातेली मी मुद्दाम पालथी करून दाखवली. बुडावर कोरलेलं : अमक्यातमक्यांच्या स्मरणार्थ. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, मेजावर ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ हे शब्द ही पोरं जन्मल्यापासून बघतायत. दोन्हीकडचा शब्द एकच आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आठवीतली एक मुलगी पातेलं हातात घेऊन बराच वेळ ते वाचत राहिली. नाव तिच्या पणजोबांचं होतं.

दुपारी वाचन. खरं तर ज्यासाठी मला बोलावलं होतं ते हे. बायबलातल्या लूकच्या दहाव्या अध्यायातली, वाटेत लुटलेल्या माणसाला मदत करणाऱ्या परक्या शोमरोन्याची गोष्ट घेतली. एक माणूस यरुशलेमाहून खाली यरीहोस जात होता. मी म्हटलं, ‘खाली’ हा शब्द वाचताना आवाज उतरला पाहिजे. का? यरुशलेम डोंगरावर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, जवळजवळ अडीचशे मीटर. पाचगणीहून वाईला पसरणी घाटानं उतरताना कान बंद होतात ना, तसं, आणि त्याहून कितीतरी खाली. वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना दगड. लुटारू तिथंच बसणार. सातारच्या पोरांना घाट समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर ‘खाली’ या शब्दावर प्रत्येकाचा आवाज असा काही घसरला, की काही जण थेट यरीहोतच पोचले.

वाचनात मी तीनच गोष्टी बघते. विरामचिन्हापाशी श्वास, क्रियापदापर्यंत तग धरणं, आणि शेवटच्या भिंतीपर्यंत आवाज. मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो. क्रियापद येईपर्यंत काय झालं ते कळत नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा दम तिथंच संपतो. ती वाक्याच्या सुरुवातीला जोर लावतात आणि शेवट गिळतात : “त्याला मारले, आणि अर्धमेला टाकून नि...” निघून गेले, की निजले? आमच्या सातवीतल्या मुलीला मी वाक्य उलटं वाचायला लावलं. आधी नुसतं क्रियापद, मग मागचा एक शब्द जोडून, मग आणखी एक. गेले. निघून गेले. टाकून निघून गेले. अर्धमेला टाकून निघून गेले. सहाव्या-सातव्या वाक्याला तिचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला असावा. मान वर झाली.

माणच्या मुलाला मी सगळ्यांपुढं वाचायला लावलं नाही. बाकीचे पाणी प्यायला गेले तेव्हा त्याला जवळ घेतलं. त्याला वाचता येत नाही हे मावशीचं म्हणणं खरं नव्हतं. साधी अक्षरं येत होती, काना-मात्रा येत होती. जोडाक्षराशी तो थबकायचा आणि मग अंदाजानं उडी मारायचा. ‘शत्रू’ला ‘शहर’ म्हणाला. शाळा बुडते का, विचारलं. म्हणाला, सुगीत आई-बाप उसाला कोल्हापूरकडं जातात, तोही जातो. मग मी काही विचारलं नाही. पाटीवर त्र, श्र, क्र, प्र एवढी चारच काढून दिली. रफाराला हात लावला नाही.

कवितेला उरली चाळीस मिनिटं. टाचणात मी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक लिहिले होते. शेवटच्या वर्षांत ते साताऱ्यात राहायला होते, १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा परिवार इथूनच सुरू केला, तेव्हा साताऱ्यात बसून त्यांना वगळणं बरं दिसलं नसतं. एवढं सांगितलं आणि गाडी मात्र चारशे वर्षं मागं नेली. फादर स्टीफन्स नावाचा इंग्लंडातला एक जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला, आणि त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघालं, सगळं ओवीत. त्यात तो म्हणतो की फुलांमध्ये जशी मोगरी, सुवासांमध्ये जशी कस्तुरी, तशी भाषांमध्ये मराठी. परक्या देशातून आलेल्या माणसाचं हे कौतुक ऐकून इंग्रजी माध्यमवाले जरा सरसावून बसले. म्हटलं, आता तुम्ही करा. ‘जैसा’ आणि ‘तैसा’ एवढं माझं, बाकी तुमचं.

निम्म्यांनी कंदी पेढा लिहिला, हे मी धरूनच चालले होते. ‘जैसा गडांमध्ये अजिंक्यतारा, तैसा फॅनमध्ये हा सभागृहातला, फिरत नाही.’ हा ढोलकीवाला. आठवीतल्या मुलीनं लिहिलं : ‘जैसे पातेल्यांमध्ये बुडाला नाव, तैसे माणसांमध्ये पणजोबा, कुणी उलटे करून बघत नाही.’ हे मात्र मी दोनदा वाचलं. यमक जुळलं नाही म्हणून ती खोडणार होती. मी वही काढून घेतली.

संध्याकाळी चार वाजता शेवटची प्रार्थना त्यांच्यातल्याच एकानं केली. त्यात त्यानं देवाला सांगितलं की आम्हाला काहीही उणे पडू देऊ नको, आणि ऊन पण. तिसरीतली ती चिमुरडी मोठ्यानं आमेन म्हणाली.

व्याकरणाचा तास झालाच नाही.

रात्री सव्वीस वह्या घेऊन बसले. सातवीतल्या मुलीचे पंधरापैकी तेरा, बाकीचे कुणी नऊ, कुणी अकरा. तिघांनी ‘धीर’ ऐवजी ‘दीर’ लिहिलं होतं, म्हणजे तुझी आकडी व तुझी काठी मला दीर देतात. हे मी आमच्या जाऊबाईंना फोनवर वाचून दाखवलं. माणच्या मुलाची वही सगळ्यांत खाली होती. मेंढपाळ बरोबर, आकडी बरोबर, उणे, धीर, काठोकाठ बरोबर. शत्रूचा त्र पुन्हापुन्हा गिरवून कागद फाटला होता, पण तो त्रच होता, म्हणून तोही बरोबर. प्रभुभोजन नाही, स्मरणार्थ नाही, मृत्युच्छायेच्या जागी नुसती एक रेघ. आणि मस्तकाला तेलाचा ‘अभ्यंग’ जिथं लिहायचा, तिथं त्यानं स्वच्छ, सुबक अक्षरात लिहिलं होतं : अभंग.

लाल पेन हातात धरून मी त्याच्याकडं बघत राहिले. शेजारी ‘अभ्यंग’ लिहिलं. मग त्याच्या शब्दाला अर्धा गुण देऊन टाकला. पंधरापैकी साडेसहा.